फौजदार चावडी पोलीस ठाणे: चार शब्दांच्या पाटीतला इतिहास

माझी भाची पोलीस भरतीची तयारी करतेय. पहाटे पाचला ग्राउंडवर, आधी ८०० मीटर, मग १०० मीटर, मग गोळा, घरी येऊन दोन घास खाल्ले की लगेच अभ्यासिका. मैदानी ५० मार्कांची आणि लेखी १०० मार्कांची, आणि त्या लेखीसाठी तिच्याकडं एक जाडजूड पुस्तक आहे, त्यात सगळं एका ओळीत. रात्री जेवण झालं की ते पुस्तक माझ्या हातात देते आणि म्हणते, मामा विचारा. स्थापना दिन? २ जानेवारी. ब्रीदवाक्य? सद्रक्षणाय खलनिग्रहणाय. मुंबईचे पहिले पोलीस आयुक्त? फ्रँक सौटर, १८६४. धडाधड उत्तरं येतात. मी एकदा विचारलं की २ जानेवारीला नेमकं काय झालं होतं गं, तर गप्प झाली. पुस्तकात नव्हतं ते.

मग तिनंच मला उलटा प्रश्न टाकला. "मामा, फौजदार चावडीला फौजदार चावडी का म्हणतात? तिथं तर पीआय, म्हणजे पोलीस निरीक्षक, बसतात, आणि चावडी तर गावात असते."

लई भारी प्रश्न आहे हा. आपण सोलापूरकर रोज म्हणतो, फौजदार चावडीजवळ उतर, फौजदार चावडीला तक्रार दे, पण त्या पाटीवरचे चार शब्द कधी वेगळे करून बघितलेत का? फौजदार, चावडी, पोलीस, ठाणे. फौजदार हा अरबी-फारसीतून आलेला, चावडी हा दक्षिणेकडचा, कन्नड-तेलुगूतही चालणारा, पोलीस हा इंग्रजांबरोबर आलेला, आणि ठाणे म्हणजे आपलं साधं स्थान. चार शब्द चार दिशांनी आले आणि एका पाटीवर शेजारी शेजारी बसले, आणि आपलं पोलीस खातं पण असंच तयार झालंय, एका दिवसात कुणी कागदावर काढलेलं नाही. ते तिला सांगितलं तसंच इथं लिहितोय, कारण भरतीची तयारी करणारी अजून शेकडो पोरं-पोरी आपल्या जिल्ह्यात आहेत आणि वर्दी घालायच्या आधी ती वर्दी कुठून आली ते त्यांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

पहिला शब्द फौजदार. मुघलांच्या काळात फौजदार म्हणजे एका मोठ्या टापूचा बंदोबस्त बघणारा अधिकारी, हाताखाली फौज असलेला. रस्ते सुरक्षित ठेवायचे, बंड मोडायचं, वसुलीला अडथळा आला तर फौज घेऊन जायचं. शहरात मात्र कोतवाल असायचा, त्याचं काम वेगळं, रात्रीची गस्त, बाजारातली वजनमापं, सराईत कोण उतरलंय त्याची नोंद. आपलं सोलापूर बहमनी, आदिलशाही, निजामशाही, मुघल, पेशवे अशा सगळ्यांच्या हातातून गेलेलं गाव, त्यामुळं हे शब्द इथल्या मातीत मुरले. राज्य गेलं पण शब्द राहिला, आज पीएसआयला, म्हणजे पोलीस उपनिरीक्षकाला, आपण फौजदारच म्हणतो आणि एएसआयला तर सरकारी कागदावर सुद्धा सहाय्यक फौजदार. हवालदाराचं पण तसंच, शिवकाळात पायदळात शिपायांवर नाईक, नाईकांवर हवालदार, हवालदारांवर जुमलेदार अशी उतरंड होती आणि किल्ल्यावरच्या मुख्य अधिकाऱ्यालाही हवालदार म्हणायचे. म्हणजे ज्या हुद्द्याला आज लोक 'साधा हवालदार' म्हणतात तो हुद्दा गडाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्याचा होता. भाचीला हे फार आवडलं.

दुसरा शब्द चावडी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच. कारण फौजदार वर असायचा, लांब, पण गावात चोरी झाली की लोक चावडीवर जायचे. तिथं पाटील. पाटील म्हणजे वसुली पण तोच आणि पोलीस पण तोच, आणि त्याच्या हाताखाली राखणीला गावगाड्यातले महार, मांग, रामोशी, जागले. रात्रभर गस्त तेच घालणार, गावात परका माणूस आला तर खबर तेच देणार. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं पेशव्यांचा मुलूख इंग्रजांकडं आल्यावर १८१९ साली जो अहवाल लिहिला त्यात ही पद्धत नीट नोंदवून ठेवलीय, आणि त्यातली एक गोष्ट इतकी जबरदस्त आहे की मी ती कुणालाही सांगतो.

चोरी झाली की राखणदार पावलांचा माग काढायचा. चोराच्या पायाचा ठसा बघायचा, मापायचा, आणि त्या ठशामागं चालत सुटायचं. आपल्याकडची काळी जमीन डोळ्यासमोर आणा, पाऊस पडून गेल्यावर त्यात पाय कसा उमटतो ते शेतकऱ्याला सांगायला नको. माग शिवेपर्यंत गेला आणि पुढच्या गावात शिरला की तो त्या गावच्या राखणदाराच्या ताब्यात द्यायचा, आता जबाबदारी तुमची. त्यानं पुढं न्यायचा, नाहीतर माग त्याच्याच गावात संपला असं धरून त्या गावानं चोरीची भरपाई द्यायची. म्हणजे हद्द हा शब्द आपण आज पोलीस स्टेशनात ऐकतो ना, "हे आमच्या हद्दीत येत नाही", त्याचं मूळ इतकं जुनं आहे, फक्त तेव्हा हद्दीचा अर्थ होता की माग पुढच्याच्या हातात दिल्याशिवाय तुझी सुटका नाही. हे काम करणारी माणसं गावात सगळ्यात खालच्या पायरीवर बसवलेली होती. त्यांच्या नावाच्या पाट्या कुठंच नाहीत, आणि पोलीस खात्याचा इतिहास सांगताना त्यांच्यापासून सुरुवात केली पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

जुनं सगळं चांगलं होतं असं मात्र नाही. पुण्यात पेशव्यांच्या काळात कोतवाल होता घाशीराम, त्याच्या कोठडीत डांबलेली माणसं गुदमरून मेली आणि चिडलेल्या लोकांनी १७९१ साली त्याला दगडांनी ठेचून मारलं. कोठडीतला मृत्यू आणि त्यावरचा लोकांचा संताप ही आजची बातमी वाटते, पण ती सव्वादोनशे वर्षांहून जुनी आहे.

आता तिसरा शब्द, पोलीस. मे १८१८ मध्ये सोलापूर इंग्रजांनी घेतलं. सुरुवातीला त्यांनी जुन्या गाड्यावरच नवा कलेक्टर बसवला, १८२७ च्या नियमांनी तर पोलिसांचा कारभार कलेक्टरकडंच, तोच वसूल करणार, तोच मॅजिस्ट्रेट, तोच पोलिसांचा वरिष्ठ. पण जुन्या राखणदारांची आणि किल्ल्यांवर पहारा देणाऱ्यांची कामं गेली, हक्क गेले. उमाजी नाईकांचं बंड त्यातूनच पेटलं, आणि ३ फेब्रुवारी १८३२ ला त्यांना पुण्यात फाशी दिली. ज्यांनी पिढ्यानपिढ्या राखण केली त्यांनाच सरकार दरोडेखोर म्हणायला लागलं. हे लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

इथं जरा नीट समजून घ्यायला लागतं, कारण पोलीस आजसुद्धा असे का वागतात, लाईनीत का राहतात, परेड का करतात याचं उत्तर इथं आहे. त्या काळात इंग्रजांकडं पोलिसांचे दोन नमुने होते. एक लंडनचा, १८२९ साली सुरू झालेला, त्यात शिपाई बिनहत्यारी, लोकांमध्ये फिरणारा, आपल्याच लोकांची काळजी घेणारा. दुसरा आयर्लंडचा, तो जिंकलेल्या मुलखासाठी, त्यात पोलीस हत्यारी, बरॅकमध्ये राहणारा, लोकांपासून वेगळा, वरच्या हुकमावर हलणारा. चार्ल्स नेपियरनं १८४३ मध्ये सिंध जिंकलं तेव्हा तिथं त्यानं हा आयर्लंडचा नमुना आणला, सिंध मग मुंबई इलाख्यात आलं, आणि तोच सांगाडा १८५० च्या दशकात आपल्या जिल्ह्यांना लागू झाला, प्रत्येक जिल्ह्याला एक पोलीस सुपरिंटेंडंट, म्हणजे आजचे एसपी. १८५७ च्या उठावानंतर देशभरासाठी १८६१ चा पोलीस कायदा आला तोही याच विचाराचा. आपल्या इलाख्यानं १८६७ आणि मग १८९० साली जिल्हा पोलिसांचे स्वतःचे कायदे केले, पण आत्मा तोच. म्हणजे गावातल्या चावडीवरचा राखणदार जाऊन त्या जागी लाईनीतला शिपाई आला. मुंबई शहराचं मात्र वेगळं, तिथं १४ डिसेंबर १८६४ ला फ्रँक सौटर पोलीस कमिशनर झाले, लंडनसारखं.

म्हणून भाचीला म्हटलं, तुझ्या पुस्तकातलं फ्रँक सौटर हे उत्तर पाठ करू नको, समजून घे, कारण कमिशनर आणि एसपी हे दोन वेगवेगळ्या घराण्यांतून आलेले हुद्दे आहेत. ते पुढं आपल्या सोलापुरात कसे भेटले ते सांगतोच.

मधल्या काळात एक गोष्ट घडली. १९०२-०३ मध्ये इंग्रज सरकारनंच अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, आणि त्या आयोगानं स्वतःच्याच पोलिसांबद्दल लिहिलं की खातं कार्यक्षम नाही, प्रशिक्षण तोकडं, भ्रष्टाचार आहे आणि लोकांवर दडपण आहे. सरकारनं नेमलेल्या आयोगानं इतकं स्पष्ट लिहिलं. त्यानंतर प्रशिक्षणाकडं लक्ष गेलं, १९०६ साली पुण्यात भांबुर्ड्याला प्रशिक्षण शाळा निघाली आणि १९०९ मध्ये ती नाशिकला गेली, तीच आजची नाशिकची पोलीस अकादमी, आजही आपले फौजदार तिथूनच घडून येतात.

आता सोलापूरच्या दोन गोष्टी. या दोन्ही पोलीस गौरवाच्या भाषणात सहसा येत नाहीत, पण मला त्या सोडता येत नाहीत.

पहिली सेटलमेंटची. सोलापुरात सेटलमेंट म्हटलं की रिक्षावाला न विचारता नेऊन सोडतो, पण नव्या पोरांना ते नुसतं एरियाचं नाव वाटतं. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला, म्हणजे काही जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार असं कायद्यानं ठरवलं. आधी तो उत्तरेकडं होता, १९११ च्या कायद्यानं आपल्या इलाख्यातही पक्का झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोलापुरात अशा लोकांसाठी तारेच्या कुंपणातली मोठी वसाहत झाली. सोलापूरच का, तर इथं गिरण्या होत्या, १८७७ पासून जुनी मिल सुरू होती, मजूर लागत होते. कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट अशा समाजातली कुटुंबं तिथं ठेवली, दिवसा गिरणीत काम, रोजची हजेरी, आणि बाहेर जायचं तर पास. गुन्हा केलेला माणूस नाही, त्याच्या पोटातलं लेकरू सुद्धा यादीत. मुंबई राज्यानं १९४९ मध्ये हा कायदा काढून टाकला, देशभरात ३१ ऑगस्ट १९५२ ला तो गेला, म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन.

हे पोलिसांनी एकट्यानं केलं नव्हतं, कायदा सरकारचा होता. पण हजेरी घेणारा हात खाकीतलाच होता. भाची शांत बसून ऐकत होती, मग म्हणाली, "मामा, माझ्या बॅचला एक मुलगी आहे सेटलमेंटमधली, माझ्यापेक्षा फास्ट पळते." तिच्या पणजोबाला ज्या खात्याची हजेरी द्यायला लागत होती त्या खात्यात भरती व्हायला ती पहाटे पळतेय. मला यावर काही बोलता आलं नाही.

दुसरी गोष्ट १९३० ची, ही सगळ्यांना माहीत असते पण अर्धीच. गांधीजींना मे महिन्याच्या सुरुवातीला अटक झाली आणि सोलापूर पेटलं. गिरणी कामगारांचं शहर, नगरपालिकेवर तिरंगा लावणारं शहर. ८ मे १९३० ला रूपाभवानी मंदिराकडं लोक शिंदीची झाडं तोडायला गेले, दारूवरचा कर बुडवायचा म्हणून, तिथं अटक, मग जमाव, मग गोळीबार, त्यात शंकर शिवदारे हुतात्मा झाले. चिडलेल्या लोकांनी मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जाळली, पोलीस मारले गेले. त्यानंतर पोलीस शहरातून बाहेर गेले आणि ९, १०, ११ मे असे तीन दिवस सोलापुरात इंग्रजांचं राज्यच नव्हतं. १२ मेला लष्कर आलं आणि मार्शल लॉ लागला तो जून संपेपर्यंत. पोलीस मारल्याच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. चार हुतात्मा पुतळ्यांना आपण रोज वळसा घालून जातो, ते हे चौघं.

मला त्या चौकीतल्या शिपायांचा पण विचार येतो. गोळीचा हुकूम देणारा साहेब परका होता, पण चौकीत अडकलेला शिपाई आपल्यासारख्याच घरातला, आठवड्याच्या बाजाराला पगार पुरवणारा माणूस. आयर्लंडच्या नमुन्याचं हे फळ होतं, आपलेच लोक आपल्याच लोकांपुढं उभे केले. चौघा हुतात्म्यांपुढं मान लवतेच, आणि त्याच वेळी त्या शिपायांच्या घरात त्या रात्री काय झालं असेल हे पण मनातून जात नाही. दोन्ही एकाच वेळी मनात ठेवता येतं, निदान मी ठेवतो.

१५ ऑगस्ट १९४७. त्याच दिवशी मुंबईला पहिले भारतीय पोलीस आयुक्त मिळाले, जे. एस. भरुचा. वर्दी तीच, लाईन तीच, हुद्दे तेच, कायद्याची कलमं सुद्धा बरीचशी तीच, पण हुकूम आता आपल्या माणसांचा. १९४८ मध्ये राज्य राखीव दल उभं राहिलं, आपल्याकडं सोरेगावला त्याचा गट क्रमांक १० आहे, निवडणूक असो की दंगल की पूर, सोरेगावचे जवान ट्रक भरून निघतात आणि कुठल्या कुठं महिना महिना राहतात. १९५१ ला मुंबई पोलीस कायदा आला, तोच आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणून चालतो.

आणि २ जानेवारी. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि २ जानेवारी १९६१ ला पंतप्रधान नेहरूंनी महाराष्ट्र पोलिसांना त्यांचा ध्वज दिला. निळा ध्वज, त्यावर पंचकोनी तारा आणि त्यात उघडा हात, अभय देणारा. म्हणून तो स्थापना दिन आणि म्हणून त्या आठवड्यात शाळेची पोरं पोलीस स्टेशन बघायला नेतात, बंदुका बघून खूश होतात. सद्रक्षणाय म्हणजे सज्जनांचं रक्षण, खलनिग्रहणाय म्हणजे दुष्टांना आवर घालणं. क्रम बघा, आधी रक्षण आहे. भाचीनं हे वहीत लिहून घेतलं.

आता तो प्रश्न जो सोलापुरात प्रत्येकाला कधी ना कधी पडतो, की आपल्याकडं दोन पोलीस का आहेत, शहराचे वेगळे ग्रामीणचे वेगळे? १९९२ पर्यंत अख्ख्या जिल्ह्याला एकच एसपी होते. १९९२ मध्ये शहराला पोलीस आयुक्तालय मिळालं. त्यामुळं शहरात सीपी म्हणजे पोलीस आयुक्त, त्यांच्या खाली डीसीपी (उपायुक्त), एसीपी (सहायक आयुक्त), आणि सात ठाणी: फौजदार चावडी, जेलरोड, सदर बझार, विजापूर नाका, जोडभावी पेठ, सलगर वस्ती आणि एमआयडीसी. शहराबाहेर पंढरपूर, बार्शी, अकलूज, करमाळा, मंगळवेढा, सांगोला, अक्कलकोट हे सगळं एसपी सोलापूर ग्रामीण यांच्याकडं.

फरक नुसता साहेबांच्या नावाचा नाही, अधिकाराचा आहे. ग्रामीण भागात जमावबंदी लावायची, कुणाला तडीपार करायचं, एमपीडीए, म्हणजे सराईत गुन्हेगारांना आधीच अडवायच्या कायद्याखाली स्थानबद्ध करायचं तर बऱ्याच ठिकाणी पोलीस प्रस्ताव तयार करतात आणि आदेशावर सही कलेक्टर किंवा प्रांतांची (उपविभागीय अधिकाऱ्यांची) लागते, म्हणजे ती १८२७ ची कलेक्टरवाली पद्धत अजून थोडी शिल्लक आहे. आयुक्तालयात मात्र हे मॅजिस्ट्रेटचे अधिकार पोलीस आयुक्तांनाच असतात, प्रस्ताव पण पोलिसांचा आणि आदेश पण पोलिसांचा. मोठ्या शहरात निर्णय पटकन लागतो म्हणून तसं. याला दुसरी बाजू पण आहे, दुसऱ्या खात्याचा माणूस मधे थांबून फाइल वाचत नाही, म्हणून आयुक्तालयात वरचा अधिकारी कसा आहे याला फार महत्त्व येतं. म्हणजे लंडनच्या घराण्यातला कमिशनर आणि नेपियरच्या घराण्यातला एसपी आपल्या एकाच गावात शेजारी शेजारी बसलेत, आणि तुम्ही शहरातून अक्कलकोट रोडनं बाहेर पडलात की अर्ध्या तासात एका घराण्यातून दुसऱ्यात जाता.

त्या सात नावांवर पण जरा थांबा ना. सदर बझार म्हणजे इंग्रजांच्या छावणीचा बाजार. विजापूर नाका म्हणजे विजापूरच्या रस्त्यावरचा नाका, ते गाव तिकडं २०१४ पासून विजयपूर झालं पण आपल्या पाटीवर विजापूरच आहे. जोडभावीतली भावी म्हणजे विहीर, कन्नड येणाऱ्याला सांगायला लागत नाही. सलगर वस्ती आडनावावरून वाढलेली वस्ती, एमआयडीसी तर १९६२ नंतरचा शब्द. बादशाही, छावणी, पेठ, वस्ती, कारखाना, शहर जसं वाढलं तसं ठाणं पाठोपाठ गेलं.

हद्दीवरून लोकांची फार फरफट होते, म्हणून हे पण सांगून टाकतो. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा लागू झालाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कुठल्याही ठाण्यात घ्यायची, गुन्हा कुणाच्या का हद्दीत घडेना. त्याला झिरो एफआयआर म्हणतात, आधी नोंद करायची आणि मग कागद योग्य ठाण्याला पाठवायचे. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. माझ्या घरात एकदा हद्दीच्या नावाखाली आम्हाला एका रात्रीत तीन ठिकाणी फिरायला लागलं होतं, तेव्हा हे कलम असतं तर म्हातारीची तेवढी दगदग वाचली असती. आणि भाचीला म्हटलं, हे म्हणजे जुन्या मागासारखंच झालं बघ, शिवेपर्यंत तू चाल आणि पुढच्याच्या हातात दे, पण माणसाला दारातून परत पाठवू नको.

आता ज्यांच्यासाठी मी मुळात हे लिहायला बसलो ते. अशोक कामटे साहेब सोलापूरचे पोलीस आयुक्त होते. ज्यांनी तो काळ बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको, धिप्पाड माणूस, आणि गुंडगिरी करणाऱ्याचं नाव किती मोठं आहे ते न बघणारा. त्यांच्याच घरातले नारायणराव कामटे स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याचे पोलीस महानिरीक्षक होते, म्हणजे घरात पिढ्यांची वर्दी. २००८ मध्ये साहेबांची मुंबईला बदली झाली आणि त्याच वर्षी २६ नोव्हेंबरच्या रात्री कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत हेमंत करकरे आणि विजय साळसकर यांच्याबरोबर ते शहीद झाले. त्या बातमीच्या दिवशी सोलापुरात लोक चौकात उभे राहून रडत होते, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. त्याच रात्री गिरगाव चौपाटीजवळ तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी हातानं धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या पण सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. ओंबळेंच्या हातात त्या वेळी लाठी होती. कामटे साहेब आणि ओंबळे, दोघांनाही २००९ मध्ये अशोक चक्र मिळालं. ओंबळेंचा हुद्दा काय होता? सहाय्यक फौजदार. आपल्या पाटीवरचा तो पहिला शब्द.

आणि एक अलीकडची गोष्ट, ती बातम्यांत कमी आली पण मला ती फार मोठी वाटते. २०२१ मध्ये तेजस्वी सातपुते सोलापूर ग्रामीणच्या एसपी होत्या तेव्हा त्यांनी ऑपरेशन परिवर्तन सुरू केलं. हातभट्टीची दारू जिथं निघायची त्या तांड्यांवर आधी काय व्हायचं, धाड टाकायची, बॅरल फोडायचे, केस करायची, आठ दिवसांनी भट्टी परत चालू. यांनी एकेका अधिकाऱ्याला एकेक तांडा दत्तक दिला, धाडी चालू ठेवल्याच पण बरोबरीनं जाऊन विचारलं की हे सोडून काय करणार, काय येतं, काय लागतं, आणि शिवणकाम असो की दुसरा धंदा, त्यासाठी मदत उभी केली. शंभर वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात लोकांना कुंपणात ठेवून हजेरी घेणारं खातं होतं, आणि आता त्याच खात्याचा अधिकारी तांड्यावर खाली बसून "काय काम येतं तुम्हाला" विचारतोय. सेटलमेंट माहीत असल्याशिवाय या कामाची उंची कळत नाही, मी म्हणून तर ते सोडलं नाही.

२१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो. १९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्सला चिनी सैन्याच्या गोळीबारात १० पोलीस जवान गेले, तेव्हापासून देशभर त्या दिवशी पहाटे परेड होते आणि वर्षभरात कर्तव्यावर गेलेल्यांची नावं एकेक करून वाचतात. त्याशिवाय ज्यांची नावं कुठंच वाचली जात नाहीत ते पण आहेत, आषाढीला पंढरपुरात चंद्रभागेच्या कडेला अठरा अठरा तास उभे असतात ते, संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत नंदीध्वजांच्या पुढं दोर धरून चालतात ते, ज्यांच्या घरी त्या दिवशी तिळगूळ त्यांच्याशिवाय वाटला जातो ते. अशा एका घरात मी भाड्यानं राहिलोय लहानपणी, पोलीस काकांच्या शेजारी. त्यांची पोरं सणाला आमच्याकडं जेवायची.

हे सगळं सांगून होईपर्यंत रात्रीचे साडेअकरा झाले. बहिणीनं आतून आवाज दिला, पहाटे उठायचंय तिला, झोपू दे आता. भाचीनं पुस्तक मिटलं, परत उघडलं, म्हणाली, शेवटचा एकच, चावडी गेली तर मग गावात आता कोण? मी म्हटलं पोलीस पाटील. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानं वंशपरंपरा गेली, आता परीक्षा आणि मुलाखत देऊन होतात, बायका पण होतात, गावात काही घडलं की पहिला फोन त्यांचाच ठाण्याला येतो. "नेमतं कोण?" प्रांत. "एका मार्काला येतं हे," म्हणाली, आणि वहीत लिहून घेतलं.